वाढीव पट्टी

"हे आपलं."

लग्न होऊन ती या घरात आली, त्या आठवड्यातला हा आवाज. सासरे पुढे, ती मागे, आणि बाजाराचा रस्ता. बागेच्या कडेला एक बाक आला. सासरे थांबले, बाकाच्या लोखंडी पायावर दोन बोटं टेकवली आणि म्हणाले, "हे आपलं." पुढे दिव्याच्या खांबाचं नक्षीदार बूड. "हे आपलं." गटाराचं झाकण आलं तेव्हा वाकायचे कष्ट न घेता त्यांनी चपलेचं टोक लावलं. "हेपण." नवी सून मनातून चरकली. माणूस जरा भ्रमिष्ट आहे की काय? की अख्खं गावच यांच्या मालकीचं, आणि स्थळ बघताना कुणी बोललंच नाही?

घरी आल्यावर नवऱ्यानं हसत हसत उलगडा केला. बाबा पॅटर्न करतात. लोखंडाची कुठलीही वस्तू ओतायची तर आधी तशीच्या तशी लाकडाची घडवावी लागते. ती वाळूत दाबायची, अलगद काढून घ्यायची, आणि वाळूत जी पोकळी उरते तिच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. लोखंड गावभर मिरवतं. लाकडाचं पॅटर्न मात्र फाउंड्रीच्या माळ्यावर धूळ खात पडतं, आणि ते घडवणारा कुणाच्या खिजगणतीत नसतो. "म्हणून बाबा बोटं लावत फिरतात," नवरा म्हणाला. "बाजारातून घरी यायला त्यांना जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माणूस परगावी पोचेल."

हा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा. लाकडाचा भुसा नाकात गेला की त्याला शिंकांची माळ लागे, म्हणून घरचा धंदा त्यानं लहानपणीच सोडला होता. वडिलांच्या दुकानात पाऊल पडलं ते सुनेचं. आधी चहा घेऊन जाताना, मग चहा देऊन थोडं थांबताना, मग काचकागदाचा एक तुकडा उचलून सहज घासताना. सासऱ्यांनी बघितलं, पण नको म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या कामाच्या बाकाशेजारी एक स्टूल आणून ठेवलं. त्यावर बस, असंही म्हणाले नाहीत.

तिथं ती बसली ती बसलीच. लेक झाली, लेक शाळेत जायला लागली, तरी स्टूल तेच. घासायचं काम तिचं आणि मेणाचं काम तिचं. पॅटर्नच्या आतल्या कोपऱ्यांत मेणाची बारीक वळी बसवायची आणि अंगठ्यानं दाबत तिला गोलाई द्यायची, कारण कोपरा टोकदार राहिला तर लोखंड निवताना तिथंच चिरतं. हे काम करता करता ती गुणगुणायची. शब्द तिचेच, चाल कुठून तरी आलेली.

घासू किती घासू, कड आली वळणाला
अंगठ्याची माझ्या खूण, लोखंडाच्या चरणाला

सासरे ऐकत. गाणं बरं आहे असं कधी म्हणाले नाहीत, आणि काम बरं आहे असंही नाही. त्यांचं एकच वाक्य होतं. "ओतून येऊ दे." लाकडाला त्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही, स्वतःच्यासुद्धा. लोखंड होऊन समोर आलं की मग बघू. पुढे पुढे घरात या वाक्याची थट्टाच झाली. लेकीनं चित्र दाखवलं, ओतून येऊ दे. नवऱ्यानं नवा सदरा घातला, ओतून येऊ दे. सुनेनं केस कापून घेतले तेव्हा सासऱ्यांनी तोंड उघडायच्या आत तिघंही एका सुरात म्हणाली, "ओतून येऊ दे," आणि सासरे वर्तमानपत्राआड हसले.

घरातली दुसरी थट्टा लेकीच्या उंचीची. स्वयंपाकघराच्या ओट्याखालच्या खणात एक जुनी लाकडी पिवळी पट्टी होती. घरातलं सगळं मोजमाप तिच्यावर चाले. दाराच्या चौकटीला लेकीला उभं करून उंची मोजली की एक आकडा येई आणि शाळेत डॉक्टरांनी मोजली की त्याहून मोठा. "शाळेत गेली की पोरगी वाढते आपली," नवरा म्हणायचा. "घरी आली की पुन्हा आखडते. भाजी चिरायला लागू नये म्हणून असेल."

मग सासऱ्यांची बोटं आखडली. सकाळी नळ उघडताना ते बोटांनी धरत नसत, तळहाताच्या बुडानं ढकलत. पटाशी हातात ठरेना. त्याच सुमाराला फाउंड्रीनं हातानं घडवलेली लाकडी पॅटर्नं घेणं कमी केलं. कॉम्प्युटरवर मॉडेल करून द्या, मशीन त्यावरून पॅटर्न काढील, असा निरोप आला. दुकानात कामं येईनाशी झाली. सासरे एकेक हत्यार पुसून, तेल लावून पेटीत ठेवायला लागले. दुसऱ्या दिवशी तंत्रशाळेत जाऊन सुनेनं कॉम्प्युटरच्या सकाळच्या वर्गाला नाव घातलं.

वर्गात सगळ्यात मोठी तीच. शिकवणाऱ्या मॅडम वयानं तिच्या धाकट्या बहिणीएवढ्या, त्या हिला ताई म्हणत आणि ही त्यांना मॅडम. पहिल्या दिवशी पडद्यावर एक ठोकळा आला आणि तो फिरवून मागची बाजू बघा, असं मॅडम म्हणाल्या. सून माउस सोडून मानच वाकडी करून बघायला लागली.

"ताई, मान नका फिरवू. ठोकळा फिरवा."

"सवय आहे हो. आमच्याकडे ठोकळा जड असतो."

मॅडम खळखळून हसल्या, आणि त्या हसण्यानं तिची अर्धी भीती पळाली. उरलेली अर्धी मात्र चिवट होती. पडद्यावर बोट फिरवलं तर नुसती काच. गाठ लागत नाही, रेषा लागत नाही, भुशाचा वास नाही. घरी भांडी विसळताना तिच्या तोंडून आपोआप आलं,

पडद्यावर रेघ बाई, रेघेला गं नाही वास
डोळ्यांनी मी धरू कशी, हाताला लागे आस

"वर्गात हे म्हणतेस का?" नवऱ्यानं विचारलं.

"वर्गात नुसती चुकते. गाणं घरी आल्यावर."

पण चुकता चुकता वाट सापडत गेली. आधी सपाट रेखाटायचं, मग त्याला जाडी द्यायची. जे नको ते कोरून टाकायचं. पटाशीनं कोरलेलं लाकूड परत येत नाही, इथं एक बटण दाबलं की कोरलेलं पुन्हा भरून येई. पहिल्यांदा ते झालं तेव्हा ती कितीतरी वेळ कोरत आणि भरत बसली, लहान मूल दिवा लावतं आणि विझवतं तशी. आणि एक दिवस मॅडमनी कोपरा गोल करायचं शिकवलं. आतल्या कडेवर टिचकी, आकडा लिहा, झालं. कोपऱ्यातून गोलाई वाहत गेली, मेणाच्या वळीसारखी.

ती स्क्रीनकडे बघत राहिली. इतकी वर्षं अंगठ्याचं कातडं झिजवलं, ते हेच. क्षणभर फसवल्यासारखं वाटलं. मग तिनं आकडा बदलून बघितला. मोठा केला, गोलाई फुगली. लहान केला, कोपरा कोरडा वाटायला लागला. मधला एक आकडा लिहिला आणि तिच्या उजव्या अंगठ्याला आत कुठंतरी समजलं, हा. यंत्राला आकडा लागत होता, तो तिच्या अंगठ्यात आधीपासून होता. त्या दिवशी ती मान वर करून रस्त्यानं चालत घरी आली.

असे महिने चालले होते आणि एक दिवस फाउंड्रीचे साहेब स्वतः दुकानात आले. हातात पाण्याच्या व्हॉल्वचं एक चाक, काळं, गोल, दातेरी कडेचं. ते सासऱ्यांना मिस्त्री म्हणत. गावात मिस्त्री म्हटलं की सासरेच.

"मिस्त्री, हे चाक म्हाताऱ्या माणसांना फिरत नाही. गिऱ्हाइकाच्या तक्रारी आहेत. नवं हवंय, हाताला सोपं. पण मॉडेल कॉम्प्युटरवर पाहिजे, नाहीतर माझे लोक हात लावणार नाहीत."

सासऱ्यांनी चाक हातात घेतलं, उलटसुलट केलं, परत दिलं. "मग दुसरीकडे बघा साहेब. आमचं झालं आता. ऑर्डरी संपल्या की दुकानाला कुलूपच लावतोय."

कुलूप हा शब्द ती त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होती. स्टुलावरून ती उठली कधी आणि बोलली कधी, तिचं तिला कळलं नाही.

"आम्ही देऊ."

साहेबांनी सासऱ्यांकडे बघितलं. सासऱ्यांनी सुनेकडे. काचकागद तिच्या हातात तसाच होता.

"ही शिकतेय," सासरे सावकाश म्हणाले.

"मग असं करू," साहेब म्हणाले. "जमलं तर पुढची कामंही इथंच. नाही जमलं तर मिस्त्री म्हणतात तसं." आणि एक मोकळा व्हॉल्व बाकावर ठेवून ते गेले.

म्हणजे आता सगळं दुकान त्या चाकावर आलं. साहेब गेल्यावर ती वाट बघत राहिली, हो म्हणतील, रागावतील, काहीतरी. सासरे पाण्याचा तांब्या तोंडाला लावता लावता एवढंच म्हणाले, "ओतून येऊ दे."

तिनं चाकाचा विचार चाकापासून नाही सुरू केला, सासऱ्यांच्या सकाळच्या नळापासून केला. बोटं आखडली की माणूस तळहाताच्या बुडानं ढकलतो. मग चाकाला दाते कशाला, बूड टेकायला जागा हवी. तिनं मेणाचा गोळा कोमट केला आणि सासऱ्यांपुढे धरला.

"बाबा, नळ ढकलता तसं ढकला."

"आता माझाच साचा काढतेस होय?" असं म्हणत त्यांनी तळवा टेकवला. मेणात उथळ खळगा उमटला, होडीच्या पोटासारखा. तो खळगा तिनं लेकीच्या शेजारी स्वयंपाकघरात बसून मोजला, लांबी, रुंदी, खोली. व्हॉल्वच्या दांड्याचं चौकोनी टोकही तिथंच मोजून घेतलं. दुसऱ्या दिवशी वर्गात ते सगळं पडद्यावर चढवलं. गोल चाक गेलं आणि तीन पाकळ्यांचं चाक आलं. प्रत्येक पाकळीला आतून एक खळगा, प्रत्येक कोपऱ्याला तो मधला आकडा, आणि वाळूतून सुटून यावं म्हणून कडांना हलका उतार. मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "ताई, हे फूल आहे की चाक?"

"ओतून येऊ दे," ती बोलून गेली आणि स्वतःच हसली.

खरं लोखंड ओतायच्या आधी वर्गातल्या छापणाऱ्या यंत्रावर प्लॅस्टिकचं चाक काढून बघायचं ठरलं. थरावर थर चढत चाक उभं राहिलं, पांढरं, हलकं. वर्गातली पोरं जमली. तिनं दुकानातून आणलेला व्हॉल्व पुढे ओढला, चाक दांड्यावर टेकवलं आणि दाबलं.

बसेना.

फिरवून बघितलं, तरी बसेना. दांड्याचं टोक भोकाच्या तोंडाशी अडून बसलं. कुणीतरी म्हणालं, जोर लावा. तिनं जोर लावला नाही. जोर लावून बसवायचं काम त्यांच्या दुकानात होत नसे. मॅडमनी मॉडेल उघडलं, भोकाचा आकडा बघितला, तिच्या कागदावरचा आकडा बघितला. दोन्ही एकच. मग त्यांनी कप्प्यातून बारीक मापाचं व्हर्नियर काढलं आणि दांडाच मोजला.

"ताई, दांडा मोठा आहे. तुम्ही लिहिलाय त्याहून केसभर मोठा. मोजलात कशानं?"

"पट्टीनं. घरच्या."

"मग तुमच्या पट्टीला बरं नाहीये."

पोरं हसली, तीही ओठांनी हसली, पण घरी जाताना बागेतल्या बाकाकडे तिनं बघितलं नाही.

घरी लेक अभ्यासाला बसली होती. कंपासपेटीतली प्लॅस्टिकची पट्टी समोरच होती. सुनेनं ओट्याखालचा खण उघडला, पिवळी पट्टी काढली आणि लेकीच्या पट्टीला शेजारी शेजारी लावली. शून्याला शून्य. सुरुवातीच्या रेघा जुळ्या बहिणींसारख्या एकमेकींना धरून उभ्या होत्या. पुढे पुढे त्या सुटत गेल्या. लेकीच्या पट्टीच्या टोकाशी पोचेपर्यंत पिवळीची रेघ चांगलीच पुढे निघून गेली होती.

"आई, ही पट्टी लांब आहे," लेक म्हणाली. मग तिचा चेहरा हळूहळू उजळला. "म्हणजे मी शाळेत वाढत नव्हते. मी आधीच उंच होते."

नवरा दारातून ऐकत होता. "आणि मी?" तो म्हणाला. "मी इतकी वर्षं बुटका समजून जगलो ते?"

सून मटकन खाली बसली आणि हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिला आता सगळं कळलं होतं. तापलेलं लोखंड निवताना आखडतं, शंभराला एक या हिशेबानं, म्हणून पॅटर्न तेवढंच मोठं करायचं. दर वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच मुळात वाढीव असते. तसली एक पट्टी सासऱ्यांच्या पेटीत असे हे तिला माहीत होतं. तिला ते कुणाला हात लावू देत नसत. पण स्वयंपाकघरातली ही म्हातारी तिचीच थोरली बहीण, झिजून निवृत्त झालेली, हे तिच्या गावीही नव्हतं. अशा पट्टीवर खरा दांडा मोजला की आकडा लहान येणार, आणि लहान आकड्याचं भोक लहानच होणार.

पट्टी घेऊन ती सासऱ्यांपुढे उभी राहिली. "बाबा, ही वाढीव आहे?"

"आहे की."

"मग सांगितलं का नाहीत कधी?"

"कुणी विचारलं कधी?" सासरे शांतपणे म्हणाले. "आणि आपल्या घरात साधी पट्टी कशाला हवी? आपण काय कापडाचं दुकान काढलंय?"

दुसऱ्या दिवशी ती वर्गात गेली ती व्हर्नियर मागूनच. सगळी मापं पुन्हा ताडून बघितली. चूक एकसारखी होती, सगळीकडे तेवढीच, त्यामुळे रेघही पुसावी लागली नाही. मॅडमनी दाखवलं, अख्खं मॉडेल एकदम वाढवायची आज्ञा असते. तिनं शंभराला एक वाढवलं. प्लॅस्टिकचं नवं चाक दांड्यावर अलगद उतरलं, जोर न लावता, झोपलेल्या बाळाचं डोकं उशीवर टेकावं तसं. मग फाउंड्रीला द्यायच्या मॉडेलात तिनं पुन्हा तेवढंच वाढवलं.

"आता परत का?" शेजारच्या पोरानं विचारलं.

"मघाशी वाढवलं ते माझ्या चुकीचं. हे लोखंडाचं," ती म्हणाली.

फाउंड्रीच्या यंत्रानं पॅटर्न काढून दिलं. ते आधी दुकानात आलं, कारण यंत्राचे थर हाताला बारीक खरखरत होते आणि ती खरखर वाळूत उमटली असती. ती स्टुलावर बसली, काचकागद घेतला, आणि गाणं आपोआप आलं. सासरे समोर बसून ऐकत होते. मध्येच त्यांनी हात पुढे केला, पाकळीच्या आतल्या गोलाईवरून अंगठा फिरवला, आणि पॅटर्न परत तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं बघितलं त्यांच्याकडे. ते खिडकीबाहेर बघत होते.

ओतायच्या दिवशी घरातल्या सगळ्यांनाच फाउंड्रीत जायचं होतं. नवरा दुकानातून सुट्टी काढून आला. वाळू काळी आणि ओलसर होती, तिनं पॅटर्नचा प्रत्येक कोपरा निमूट घेतला. पॅटर्न उचललं तेव्हा एक कणही ढासळला नाही. मग केशरी लोखंड आलं, भांड्यातून दुधासारखं पडलं, आणि सगळ्यांचे चेहरे उजळून पुन्हा काळे झाले. ते निवेपर्यंत लेकीनं निवलं का, निवलं का असं इतक्या वेळा विचारलं की साहेबांनी तिला बिस्किटाचा पुडाच दिला.

वाळू फोडली, चाक बाहेर आलं. कड घासून झाली. साहेबांनी अंगणातल्या पाण्याच्या टाकीचं जुनं चाक काढवलं आणि त्या जागी हे चढवलं. दांड्यावर ते सरळ जाऊन बसलं. वर्गातल्या मॅडमही आल्या होत्या. त्यांनी सुनेचा दंड घट्ट धरला.

"मिस्त्री, तुम्हीच फिरवा," साहेब म्हणाले.

सासरे पुढे झाले. त्यांची बोटं वळत नव्हती, त्यांनी ती वळवायचा प्रयत्नही केला नाही. तळहाताचं बूड पाकळीतल्या खळग्यात टेकवलं. ते तिथं असं बसलं की जणू घरी आलं. हात नुसता पुढे गेला. चाक फिरलं आणि टाकीखालच्या नळातून पाण्याची जाड धार सिमेंटवर आदळली. लेकीच्या पायांवर शिंतोडे उडाले तरी ती हलली नाही.

सासऱ्यांनी पाणी बंद केलं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा बंद केलं. मग अंगठा पाकळीच्या आतून, गोलाईवरून, शेवटपर्यंत फिरवला. तिथं लोखंड अजून कोमट होतं.

"छान काम, मिस्त्री," साहेब म्हणाले. "तुमच्या दुकानाचं आणखी एक."

सून सवयीनं म्हणायला गेली, हो, आपलं. तोंड उघडलंही होतं. सासऱ्यांनी दोन बोटं उचलली. तिला वाटलं, ती आता चाकावर टेकतील आणि तो ओळखीचा शब्द येईल. बोटं चाकावर टेकली नाहीत. ती सुनेच्या खांद्यावर टेकली.

"ओतून आलं," सासरे म्हणाले. मग ते साहेबांकडे वळले. "साहेब, हे आपलं नाही. हे हिचं आहे. आणि यापुढे मिस्त्री म्हणून हाक मारलीत तर वळून हीच बघेल, मी नाही."